दादाची जीभ

—नाही नाही, ते खोडा, साहेब. ‘आन्सेल्म व्हॅलोत्र यांची अचूक जीभ’ काय लिहिताय? जीभ म्हणे! अहो, माझ्या भावाला चाळिशीनंतर सूप खारट की अळणी तेसुद्धा कळत नव्हतं. जालीम तेजाब चाखलं ना एकदा, तेव्हाच जळली. आणि रसायनं करणाऱ्यानं मीठ — म्हणजे कुठलाही क्षार हो — चाखल्याशिवाय ओळखायचं कसं? तुम्ही पॅरिसवाले तरी दुसरं काय करता? — मग त्याच्या प्रयोगांच्या वह्यांमधल्या चवी कुणाच्या? कुणाच्या म्हणजे — घरात दुसरं होतं कोण? मीच की. मी चर्चमधून आले की दादा बशीत चिमूटभर मीठ ठेवायचा, “झिल्बर्त, सांग.” कडू, तुरट, आंबट — मी सांगायची, तो लिहायचा. बावीस वर्षं! — तोंड का असं केलंत? बाईनं चाखलं म्हणून मीठ बदलत नाही.

ती शेवटची वही इकडे द्या बघू. छापायचीये? सगळी? — शेवटची आठ पानं सोडा. का म्हणजे... अक्षर वाईट आहे. — बरं बाबा, चांगलं आहे, मला काय दिसत नाही? त्या हिवाळ्यात मला ताप आला हो. उठले तर तोंडाला कशाचीच चव नाही. कच्चा कांदा खाल्ला, व्हिनेगर प्यायले — नुसतं पाणी! आणि दादा बशी घेऊन समोर उभा. सांगायला हवं होतं, कबूल. पण मग मी राहिले असते कोण? भांडी घासणारी म्हातारी बहीण. भीती वाटली मला. मग बघूनच सांगायला लागले. चौकोनी खडे — खारट. सुया — कडू. आणि तो बिचारा लिहीत होता!

मग ते खाणीच्या पाण्यातनं काढलेलं मीठ. पांढऱ्या सुया, हुबेहूब जुलाबाचं मीठ. मी म्हटलं, कडू, बाकी काही नाही. दादाचं पोट बिघडलेलं, त्यानं तेच पाण्यात कालवून घेतलं — चांगले चार चमचे. तीन दिवस ओकत होता. वर मलाच समजावत होता, “मासळी शिळी निघाली गं, तू कशाला रडतेस?” — मला कसं कळलं? ईस्टरला चव परत आली ना माझी! पहिली तीच बरणी उघडली. जिभेला लागताच तोंड असं आवळलं, थुंकलेच मी. जस्ताचं मीठ होतं, ओकारी आणणारं. मेलं तान्ह्या पोरानंसुद्धा ओळखलं असतं.

लिहा ना हे. थांबलात का? — काय? तेवढं पान गाळू, बाकी जीभ त्याचीच राहू दे? त्याच्या कीर्तीसाठी? छान! आणि उरलेली सात पानं वाचून कुणी चमचा तोंडात घातला तर? नाही साहेब. जीभ झिल्बर्तची होती — बावीस वर्षं खरी बोलली आणि एक हिवाळा खोटं. दोन्ही लिहा. — नाही जमायचं? मग वही ठेवा खाली. ती टोपी तुमचीच ना? घ्या, आणि निघा.