मामूनं लपवलेला टाका

आमी उंब्रजचे, तीन पिढ्या शिलाईकाम करणारे, आणि काय सांगू तुमाला, माझा टाका इतका बारीक, की मुंगीनं चष्मा लावला तरी तिला शिवण सापडायची न्हाई. एकदा मी शिवलेल्या ब्लाऊजवरनं हायवेचा ट्रक गेला, टायर बसलं, शिवण न्हाई उसवली. हसू नका, लिवा.

पर तयार कपडं आलं आन् गिऱ्हाईक आटलं. तवा बायको म्हणली, आवं, महाबळेश्वरात माझा मामू चामड्याची जाकिटं दुरुस्त करतो, जावा की त्याच्याकडं. चाळिशी गाठलेला मी पुन्ना शिकायला बसलो. तिथला पाऊस असा, की खुंटीवरच्या जाकिटाला बुरशी येती आन् ती भाजी करण्याइतकी वाढती. पयल्याच दिवशी मी कापडाला लावतो तशी जाकिटाला टाचणी लावली, तर मामू केवढ्यांदा वरडला! आवं जावई, कापडाचं भोक बुजतं, चामड्याचं जन्मभर राहतं. मग टाचणीच्या जागी कपडं वाळत घालायचं चिमटं लावायला शिकलो, अस्तर बदलायला शिकलो, चेन बसवायला शिकलो. फकस्त चामड्यावर नवी शिवण मारायची येळ आली की मामू म्हणायचा, जावई, जरा चहा घेऊन या. मी इतका चहा आणला, की वेण्णा तळं भरून सांडलं असतं. एकदा इचारलं, मामू, चामड्याला टाका केवढा मारायचा? तर माझी अस्तराची शिवण डोळ्यापाशी धरून म्हणला, ह्योच बारीक मारा, तुमचा हात माझ्यापरास चांगला हाय. मी दोन वीत फुगलो.

उंब्रजला परतून जाकिटांचं दुकान मांडलं. फटफटीवाली पोरं जाकिटं घेऊन यायला लागली, आन् वर्साच्या आत तीच पोरं परत. एकानं हायवेवर मैतराला हात केला, तर बाही सुटून कराडपर्यंत गेली. बघतो तर शिवणीच्या रेघेवर चामडं पोस्टाच्या तिकिटावानी फाटलेलं, माझ्याच भोकांनी. टाका बारीक म्हंजी भोकं दाट, आन् भोकं दाट म्हंजी चामडं कापलंच की. गिऱ्हाईक म्हणायचं, तुमच्यापरास महाबळेश्वरचा म्हातारा बरा. तीन पिढ्यांचं नाव त्या बाहीसंगं गेलं.

एस्टीनं वर गेलो. मामू जेवत होता. मशीनवर त्याचं काम पडलेलं, नख लावून बघितलं, त्याच्या एका टाक्यात माझं तीन बसत हुतं. म्हणलं, मामू, माझ्यासंगं असं का केलं? तर भाकरी मोडत म्हणतो, सगळंच दिलं असतं, जावई, तर डोंगर चढून माझ्याकडं कोण आलं असतं? मान बी वर केली न्हाई. मी बोलायला लागलो की हायवेची वाहनं थांबत्यात, पर तवा मी नुसत्या चपला घातल्या आन् परतीची एस्टी धरली.

आता मी लांब टाका मारतो. गेलेलं गिऱ्हाईक थोडं थोडं परत येतंय. गेल्या म्हयन्यात मामू आला. डोळं अधू, हात कापतो. स्वताचंच जाकीट, खांद्यापाशी फाटलेलं. म्हणला, जावई, एवढा तुकडा लावून द्या, माझ्यानं आता व्हत न्हाई. बायको आतनं बघत हुती. मी जाकीट घेतलं, मशीनपाशी बसलो आन् म्हणलं, मामू, जरा चहा घेऊन या.

म्हातारा उठला, गेला. मी टाका लांब केला आन् शिवण मारली. अल्ला त्याला उमर देवो, ती शिवण त्याच्या माघारी बी टिकंल. चहा आणला त्यानं, निम्मा वाटंत सांडलेला. गोड हाय, बायको म्हणली, माझा कप तसाच मशीनवर निवला.