उटी उतरू न देणारा गुरव

बसा मंडळी, बसा. पुढे जागा आहे, सरका थोडं. आणि ते पंख्याखाली बसलेले — झोपायचं तर खुशाल झोपा, पण घोरू नका, पेटीवाल्याचा सूर जातो.

आज एकच विचारतो. जी गोष्ट उद्या राहणार नाही, आणि आज आहे तीही धड नाही, तिच्यावर जीव लावावा का? लगेच माना हलवू नका! मला स्वतःला ठाऊक नाही. आठ दिवस झाले, हा प्रश्न माझा पाठलाग करतोय. म्हणून तुमच्या पदरात टाकायला आलो.

ऐका. बोरखडी नावाचं गाव. गावात काळेश्वराचं देऊळ आणि देवळाचा गुरव केरबा. चैत्र-वैशाखात तिथं ऊन असं तापतं, की देवाचीही काहिली होते. म्हणून रोज दुपारी पिंडीला चंदनाची उटी. थंडगार चंदनाचा जाड लेप द्यायचा, त्यातच देवाचं मुख घडवायचं — डोळे, नाक, भुवया, मिशी. दिवेलागणीला आरती झाली, की ती उटी उतरवून गावाला वाटायची आणि ज्यानं त्यानं कपाळाला लावायची. म्हणजे चार तासांचा देव. उद्या पुन्हा नवा.

केरबाचा हात सोन्याचा. पण डोळा? डोळा वैऱ्याचा! भुवई गव्हाएवढी वर गेली — पुसली. मिशी जाड झाली — पुसली. एकेका दिवशी तीन-तीन वेळा. बाहेर लोक उन्हात ताटकळत. आणि नवं चंदन उगाळणार कोण? बायको, सारजाबाई. सहाणेवर खोड घासून घासून तिचे तळवे सोलपटलेले. ती म्हणायची, "अवं, देवाला चालतंय, लोकांना चालतंय. तुमचंच काय अडलंय?"

"मला दिसतंय ना," केरबा म्हणायचा. "दिसल्यावर गप कसा बसू?"

हसताय काय? लेकीनं पहिली पोळी लाटली तेव्हा तुम्ही काय म्हणालात? मी सांगतो मी काय म्हणालो. "कड जाड राहिली." तेवढंच. पोरीनं वर्षभर लाटणं हातात धरलं नाही. असो. पुढे ऐका.

अक्षय तृतीयेचा दिवस. केरबानं उटी पुरी केली, मागे सरला, खोट शोधू लागला. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, वाकून बघितलं. सापडेना! तीस वर्षांत पहिल्यांदा सापडेना. देव असा काही बघत होता, की केरबाचीच नजर खाली गेली.

दिवेलागण झाली, आरती झाली. लोकांनी हात पुढे केले, आणि केरबा गाभाऱ्याच्या दारात आडवा उभा राहिला. "आज उटी उतरायची न्हाई. कुणी हात लावायचा न्हाई."

पुढे केलेले हात तसेच राहिले. असं कधी झालंच नव्हतं. रोजचा देव रोज वाटायचा, ही वाडवडलांपासूनची रीत. तेवढ्यात गर्दीतून काठी टेकत येसाआजी पुढे आली. ऐंशी वर्षांची म्हातारी, बारा वर्षं डोळ्यांना दिसत नाही. मुलगा तिला दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या एस्टीनं सुरतेला नेणार होता. कायमचं.

"केरबा," ती म्हणाली, "लई ग्वाड झालाय म्हनं आजचा द्येव. पर मला कुठं दिसतोय? त्यो उतरतो तवाच माझ्या हाताला लागतो. दोन बोटं दे बाबा. उद्या मी न्हाई."

काय मागितलं म्हातारीनं? दोन बोटं चंदन! केरबाला कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. तिला दिसत नव्हतं, तरी त्यानं नजर चुकवली. म्हणाला, "आजी, दोन बोटं काढली की देवाचा गाल जातो. सहाणेवरचं घ्या की, तेबी चंदनच हाय."

"सहाणेवरचं लाकूड असतं रं. देवाच्या अंगावरनं यायला पायजे," म्हातारी म्हणाली आणि वळली.

सारजाबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. "द्येव हाय त्यो. बरणीत घालून ठेवायचं लोणचं न्हवं." एवढं बोलून ती आजीला घरी पोचवायला गेली.

केरबानं दाराला कुलूप घातलं. किल्ली कंबरेला. पण डोळा लागेना. आजीचा रिकामा हात आठवायचा. तो झटकला की देवाचा गाल आठवायचा. उजाडलं तसा धावत गेला आणि दार उघडलं.

काय झालं असेल? चोरी? चमत्कार? काही नाही हो! चंदन वाळलं होतं. दुसरं काय करणार चंदन? कपाळापासून हनुवटीपर्यंत तडा. एक भुवई गळून पायथ्याशी पडलेली. त्यानं घाईघाईनं पाणी शिंपडलं, तर मिशी ओघळली. कुणाला दिलं नाही, आणि त्याच्यापाशीही राहिलं नाही.

तेवढ्यात वेशीकडून एस्टीचा हॉर्न वाजला.

केरबानं दोन्ही हातांनी गाल खरवडला. तीस वर्षांतला एकच बिनखोट गाल! मुठीत धरला आणि अनवाणी पळत सुटला. बोटांच्या फटीतून भुकटी सांडतेय, धोतर पायात येतंय. तिकडे सारजाबाई आजीला निरोप द्यायला आलेली, ती एस्टीच्या दारात पाय रोवून उभी. कंडक्टर ओरडतोय, ती हलेना. तीस वर्षं संसार केला होता तिनं. हा येणार, हे तिला ठाऊक होतं.

"आजी," केरबा धापा टाकत म्हणाला, "वाळलंय वो. चिकटायचं न्हाई."

"माझं कपाळ घामानं वलं हाय. लाव तू."

त्यानं बोट टेकवलं. भुकटी सुरकुत्यांत बसली, थोडी भुवईवर सांडली, आणि रेघ एका बाजूला वर गेली. गव्हाएवढी नाही, चांगली बोटभर.

"नीट लागलंय का रं?" आजीनं विचारलं. "मला दिसत न्हाई. तूच बघून सांग."

मंडळी, विचारलं कुणाला? केरबाला! त्यानं बघितलं. वाकडी रेघ. पुढच्या फाट्यापर्यंतसुद्धा टिकणार नाही, घाम घेऊन जाणार. सवयीनं त्याचा हात पुसायला वर गेला. आणि तसाच थांबला. आजी हसत होती. तिला देव पोचला होता.

"झ्याक लागलंय, आजी," तो म्हणाला. आणि तो खोटं बोलत नव्हता.

एस्टी गेली. त्या दुपारी केरबानं पुन्हा उटी केली. भुवई पुन्हा वर गेली. सारजाबाई न सांगताच सहाणेकडे वळली, तर त्यानं तिचा हात धरला. तळवा उलटा करून बघितला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा बघितला, लाज वाटली त्याला. "ऱ्हाऊ दे," म्हणाला. "आजचा देव असाच हाय." आणि दिवेलागणीला पहिली दोन बोटं गार चंदन त्यानं तिच्या सोललेल्या तळव्यावर ठेवलं.

तुम्ही म्हणाल, बुवा, ते गुरवाचं झालं, आमचं काय? अहो, तुम्ही कोण लागून गेलात! मीही गुरवच. माझी पोर आता सासरी असते. उद्या सकाळी तिला फोन करणार आहे, आणि वीस वर्षांपूर्वीची ती पोळी गोड होती, हे सांगणार आहे. उशीर झालाय, ठाऊक आहे. तुमची माणसं तर आत्ता शेजारी बसली आहेत. घरी गेलात की ताटात पोळी पडेल, कड जाड असेल. तोंड उघडाल तेव्हा आधी काय निघेल, बघा. सातच्या एस्टीत उद्या कोण बसणार आहे, तुम्हाला माहीत आहे का?

चला, नाव घ्या देवाचं आणि वाजवा टाळ्या. बेताल पडल्या तरी चालतील. पण आत्ता पडू द्या.