भुताला नाव ठाऊक असतं

खंडू : काय बी म्हण गणू, ती बाई चरकामागून नुसती बघती ना, तवा माझी पार टरकली राव. आख्खं थेटर गार!

गणराज : थेटर एसीनं गार होतं.

खंडू : आयला, तुला कायच आवडत न्हाई. मागच्या आठवड्यातला मारामारीचा न्हाई आवडला, त्याच्या आधीचा बी न्हाई. उन्हाळ्यात एवढे पिच्चर आले, एकाला तरी बरा म्हण.

(चिंचवडच्या मॉलमधला दुपारचा खेळ नुकताच सुटला आहे. तळघरातल्या पार्किंगमध्ये दोघे मित्र मोटारसायकलपाशी उभे. गणराजचा उजवा हात मनगटापर्यंत पांढऱ्या पट्टीत.)

गणराज : मारामारीचा बरा होता. दोन तास मला काही आठवलं नाही, म्हणजे बराच म्हणायचा. पण तो नायक कारखान्यात शिरतो, वीस जणांना लोळवतो, साखळ्या तुटतात, वरून तुळई कोसळते ती खांद्यावर झेलतो. आणि त्यानंतर कुणी एक कागदसुद्धा भरत नाही. एवढी माणसं पडली. त्यांना कुठल्या दवाखान्यात नेलं, त्यांच्या घरी फोन कुणी केला, काही नाही. नायक काळा चष्मा लावतो आणि चालू लागतो.

खंडू : अरं पिच्चर हाय त्यो! चौकशी दावली तर लोक झोपतील.

गणराज : मी जागा राहीन.

खंडू : तुझं बोलनं म्हंजे पार पेपरातल्या अग्रलेखागत. चल, बस मागं. वाटंत मिसळ हानू.

गणराज : थांब. आजच्याबद्दल सांगायचं राहिलं. मला अलीकडे भुताचे सिनेमे आवडायला लागलेत. त्यातली भुतं फार न्यायी असतात. गुऱ्हाळाच्या मुकादमानं त्या बाईचा हात चरकात ढकलला. वीस वर्षं गेली, माणूस दुसऱ्या गावी राहायला गेला, म्हातारा झाला. तरी ती त्यालाच शोधून काढते. चुकून शेजारच्याला धरत नाही. भुताला नाव ठाऊक असतं.

खंडू : ...व्हय. त्ये हाय.

गणराज : तू कुठं पाहिलंस? हात तुटला तेव्हा तू उठून बाहेर गेलास.

खंडू : पॉपकॉर्न आनाया गेल्तो.

गणराज : आणलं नाहीस.

खंडू : लाइन व्हती लई. अरं, मला काय ठाव त्यात हाताचं आसंल! जाहिरातीत नुसती इहीर दावली व्हती. आईशप्पत, ठाव असतं तर तुला आनलंच नसतं.

गणराज : तो तुटका हात बोटांवर चालायला लागला तशा मागच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. मला राग नाही आला. पडद्याचा उजेड माझ्या मांडीवर पडला होता, पट्टी निळी दिसत होती. वाटलं, हा हात दुसऱ्याच कुणाचा तरी आहे, आपण सांभाळायला घेऊन बसलोय. मग पडद्यावरच्या हाताकडे पाहिलं. पाचही बोटं जागेवर होती त्याची.

खंडू : सोड ना, भावा.

गणराज : दवाखान्यातून सुटलो त्याला तीन आठवडे झाले. तीन आठवड्यांत तीन सिनेमे. आधी वाटलं, खंडूचा माझ्यावर जीव आहे.

खंडू : हायच की!

गणराज : असेलही. पण अंधारात शेजारी बसलं की बोलावं लागत नाही, हे तुला माझ्याआधी कळलं.

खंडू : काय बोलायचं हाय मग? बोल की.

गणराज : काल कंपनीतून चौकशीचा कागद आला. सोबत साक्षीदाराचा जबाब आहे. ‘गणराज याने चावी फिरवून सेन्सर स्वतः बंद केला व मशीन चालवले.’ खाली तुझी सही. ‘खं’वरचं टिंब नेहमीसारखं वाटाण्याएवढं.

खंडू : आपल्या शिफ्टच्या रणजीतसायबानं लिहूनच आनलं व्हतं. मी वाचलं बी न्हाई.

गणराज : एकेक ट्रेलर दहा वेळा बघतोस. सहा ओळी वाचल्या नाहीस?

खंडू : ...वाचल्या.

गणराज : दोन वर्षं तो सेन्सर, हात आत गेला की पत्रा दाबणारी प्रेस थांबवत आला. त्याच्याच भरवशावर अडकलेला पत्रा काढायला मी हात घातला. तो बंद आहे हे मला कुणी सांगितलं नाही. चावी कुणी फिरवली, खंडू?

खंडू : गणू, हितं नको.

गणराज : तिन्ही सिनेमांच्या मध्यंतरात मी वाट पाहिली. तू दर वेळी समोसे आणलेस. आता इथंच.

खंडू : म्या फिरवली. सायेब म्हनला, त्यो सेन्सर सारखी मशीन थांबवतोय, माल निघंना, जेवनाच्या सुट्टीत बंद कर आन् गण्याला सांग. मी सांगनारच व्हतो रं तुला.

गणराज : मग?

खंडू : बुकिंग उघडलं व्हतं. मारामारीच्या पिच्चरचं. पयल्या दिवसाचा पयला शो. तूच म्हनला व्हतास, मधल्या खुर्च्या घे. मोबाइल नुसता गरगर फिरत बसला, तेवढ्यात भोंगा झाला. तू आधीच मशीनवर गेल्तास. दोन खुर्च्या घावल्या, त्या तुला दावाया मी पळत येत व्हतो. आन् तुझा आवाज आला.

गणराज : ...मधल्या होत्या?

खंडू : मधल्याच. तशाच गेल्या त्या.

गणराज : हे आणखी कुणाला ठाऊक आहे?

खंडू : आईला बी न्हाई.

गणराज : सोमवारी अकराला चौकशी आहे. आत्ता जे बोललास तेवढंच तिथं बोल. मला कुणाला शिक्षा नको आहे. पण माझ्या नावापुढं ‘निष्काळजी’ लिहिलं गेलं, तर चाकणपासून भोसरीपर्यंत एकाही कंपनीचं गेट मला आत घेणार नाही. डाव्या हातानं मी लिहायला शिकेन, मालाची तपासणी शिकेन. आत तर जाऊ देत. आणि लातूरहून आण्णा रोज फोनवर विचारतात, खरं सांग, तूच बंद केलंस का. मी नाही म्हणतो. मग ते विषय बदलतात, आंब्याला किती पाड लागलाय ते सांगतात.

खंडू : पुढल्या म्हयन्यात परमनंटची यादी लागतीय. सा वर्सं झाली, गणू. आमच्या कुरुळीत पोरगी द्यायच्या आधी लोक हेच इचारत्यात. सायबानं बजावलंय, जबाब फिरवला तर नाव कट.

गणराज : म्हणजे तू येणार नाहीस.

खंडू : बघू ना. सोमवारला अजून येळ हाय.

गणराज : आज शनिवार आहे.

खंडू : बघतो म्हनलो ना!

गणराज : बघतो म्हणू नकोस. नाही म्हण. नाही ऐकलं की निदान दाराकडे बघत बसणार नाही मी.

खंडू : ...न्हाई जमायचं, भावा.

गणराज : बरं.

खंडू : आसं बरं नको म्हनू. शिव्या दे. दोन कानाखाली वाजव.

गणराज : कुठल्या हातानं? चल, काढ गाडी. निघोज्याला खोलीवर जाईपर्यंत ऊन उतरेल.

खंडू : हेल्मेट घाल. थांब, पट्टा लावतो तुझा.

गणराज : लाव. मला अजून जमत नाही.