गेंडा पैलवानाची खुर्ची

हाडांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसलेल्या प्लास्टरवाल्या बाई शेजारच्या दोन म्हाताऱ्यांच्या गप्पा कान टवकारून ऐकत होत्या.

“हल्लीची रिंगमधली कुस्ती म्हणजे निव्वळ नाटक, भाऊजी! आपल्या वेळची खरी.”

“म्हणून सख्ख्या बहिणीच्या लग्नाला आला नाहीत?”

“तुमच्या त्या गेंडा पैलवानाने माझ्या लाडक्या वादळ पैलवानाचं डोकं खुर्चीने फोडलं होतं! गेंड्याच्या भक्ताच्या घरी पाऊल ठेवणार नाही म्हणजे नाही.”

“चाळीस वर्षं झाली, मेव्हणे. ती अजून वाट बघते.”

“बघू दे.”

“बरं, जरा समोर बघा.”

“बाप रे! गेंडा! आणि शेजारी… वादळ?”

“हळू बोला.”

“अहो, गेंडा वादळाचे मोजे काढतोय!”

“‘दादा, पाय वर घे,’ म्हणाला आत्ता.”

“दादा?”

“नाकं बघा की. सख्खे भाऊ आहेत.”

“म्हणजे ती खुर्ची… नाटक?”

“मेव्हणे? पाणी देऊ का?”

“भाऊजी, ताईकडे लग्नाचे फोटो आहेत का हो अजून?”