टेक चालू असताना

नाही नाही ताई, तो जोड बाजूला ठेवा, तो मुका आहे — म्हणजे दिसायला झकास, टाच शाबूत, लेस नवी, पण वाजत नाही, आणि मला जोडे घालायला नकोच आहेत, मला वाजवायला हवेत. तो दुसरा द्या, तो फाटका. थांबा, घालूनच दाखवतो — ही इथे फरशी, ही वाळू, ही खडी, ही लाकडी फळी, स्टुडिओच्या एवढ्याशा खोलीत सगळी दुनिया मांडून ठेवलीय — ऐकलंत? खडीवर कसा कुरकुरतो बघा. याला म्हणतात जोडा. पडद्यावर हिरो चालतो ना, तो नुसताच चालतो. पाऊल त्याचं, आवाज माझा. तो धावला की मी इथे जागच्या जागी धावतो, तो मारतो तेव्हा मी मारतो, आणि समोरचा मार खातो तोही मीच. इफेक्टवाला म्हणतात आम्हाला. आमची ही सगळ्यांना सांगते, आमचे हे दिवसभर दुसऱ्यांचे जोडे घालून नाचतात. चुकीचं नाही तिचं. तुम्ही दारोदार फिरून गोळा करता का हे? बाईमाणूस या धंद्यात प्रथमच बघतोय. आणि माझा नंबर कुणी दिला तुम्हाला? — बरं, सांगा सावकाश, आधी पोतं रिकामं करा.

सध्या जोरात काम आहे. त्या पोलिसाच्या पिक्चरचा दुसरा भाग. पहिला पाहिला असेलच — नाही? कमाल आहे, आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा त्यातले डायलॉग म्हणून दाखवतं. पहिल्या भागात काय, तर एक इन्स्पेक्टर, डोकं गरम, कोर्टाने सोडलेल्या गुंडाला भर चौकात गोळी घालतो. लोकांनी शिट्ट्या मारमारून थेटर डोक्यावर घेतलं होतं. आता दुसऱ्या भागात त्याच्याच ठाण्यातली तरणी पोरं, त्याचंच बघून, तेच करायला लागतात — कोर्टाने सोडला की यांनी गाठला आणि उडवला. आणि त्यांना पकडायचं कुणी, तर आमच्या इन्स्पेक्टरने. म्हणजे पहिल्या भागात ज्या कामाला शिट्ट्या, दुसऱ्या भागात त्याच कामाला बेड्या. मी लेखकाला म्हटलं, अरे बाबा, एकदा काय ते ठरव. तर मला म्हणतो, काका, हा विचार आहे. असेल. विचाराला आवाज नसतो, त्यामुळे माझा काही संबंध नाही.

माझा संबंध त्या गल्लीतल्या सीनशी. ती पोलीस पोरं गल्लीतल्या लोकांना चेतवतात, लोक एकाला धरून बडवतात, आणि नंतर कळतं तो बिचारा भलताच कुणीतरी — तिथे इन्स्पेक्टरचे डोळे उघडतात, इंटरव्हल. पहिल्या भागात मी हाणामारीला काय केलं होतं, तर कोबीचा गड्डा, त्यावर ओला टॉवेल, आणि वरून बॅट. हाड मोडायचं असलं की कापडात सुकी काटकी गुंडाळायची आणि माइकजवळ मोडायची. लोक दचकायचे हो. पण यंदा दिग्दर्शक म्हणाला, "काका, हे पिक्चरसारखं वाटतं." आता पिक्चर पिक्चरसारखा नाही वाटणार तर काय बँकेसारखा वाटेल? पण त्याला खरं हवं होतं, आणि मी दिलं. परवा दाखवला सीन, तर निर्मात्याची बायको उठून बाहेर गेली. एक गंमत सांगू? खरा मार फारसा वाजतच नाही. फाडफाड असं काही नसतं त्यात. गादी झटकल्यासारखा मऊ असतो, आणि मारणारे दमतात ना, त्यांच्या धापाच जास्त ऐकू येतात. इतकी वर्षं या धंद्यात, पण हे मला ठाऊक नव्हतं.

कुठून आणला हा आवाज? ते धंद्याचं गुपित — पण तुम्ही काय कुणाला सांगायला जाताय. आमच्या सोसायटीत मध्यंतरी चोऱ्या फार झाल्या. आधी सायकली, मग दाराबाहेरचे चांगले चांगले बूट, मग एका म्हातारीच्या गळ्यातली साखळी. तक्रार केली, पोलीस येऊन चहा पिऊन गेले. त्याच सुमाराला आम्ही अंगणात पडदा लावून तो पहिला भाग दाखवला — मीच आणला होता, ओळखीने — आणि झालं, दुसऱ्या दिवशी सोसायटीचं पथक उभं. कोण पथकात? तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर, आमचे अध्यक्ष, गणिताचे मास्तर. झुरळ दिसलं तर बायकोला हाक मारतील अशी माणसं. शिट्ट्या आणल्या, दांडकी आणली. डॉक्टर तर चालायलाच वेगळे लागले, खांदे हलवत, थेट इन्स्पेक्टरसारखे. मला हसू यायचं. आणि एका रविवारी, दुपारची जेवणं नुकती उरकली होती, फाटकातून एक माणूस आत आला, पाठीवर पोतं. काय आहे पोत्यात? तर जोडे. मग काय विचारता — ज्यांचे ज्यांचे बूट गेले होते ते सगळे धावत खाली. एकजण म्हणाला, हा माझाच. अहो, त्याचा पाय केवढा, तो बूट केवढा, पण एकदा चोर ठरला की मापं कोण बघत बसतंय. मी आपला बाल्कनीत. रविवारचा गलका हवा होता मला, पोरांचा, भांड्यांचा, म्हणून लांबचं टिपणारा माइक आधीच बाहेर लावला होता, कानाला हेडफोन. बसल्या जागी मिळालं सगळं. अगदी चालून आलं म्हणा ना.

तो? — गेला. दवाखान्यात नेईपर्यंत गेला. पोलिसांनी लिहून घेतलं, चोरी करून पळताना भिंतीवरून पडला. ठाण्याचे साहेब समजूतदार, म्हणाले, सज्जन माणसं राहतात इथे, कशाला उगाच. तेच साहेब आता आमच्या पिक्चरचे सल्लागार आहेत, हिरोला पिस्तूल कसं धरायचं ते दाखवतात. परवा तो सीन बघून माझ्या पाठीवर थाप मारली, म्हणाले, "काका, आवाज अगदी ओरिजिनल आहे हो." मी म्हटलं, आपलीच कृपा. — का हो, हात का थांबला? काढा की बाकीचे. — काय म्हणालात? कोण होता तुमचा?

अरे. अरे अरे. अहो, मग आल्या आल्या नाही का सांगायचं, मी आपला बोलत सुटलो. बसा वहिनी, त्या स्टुलावर बसा — पाणी देऊ? नको तर नको. म्हणजे नंबर त्यांनीच दिला होता तुम्हाला. असं. भला माणूस हो, चार वेळा इथे स्टुडिओत जोडे आणले माझ्याकडे, कधी घासाघीस नाही. चोर? छे, मी कुठे म्हटलं चोर, पोलिसांनी लिहिलं ते मी फक्त सांगितलं. शाळेत मुलीला म्हणतात? चोराची पोर म्हणून? वाईटच ते. पोरं दुष्ट असतात त्या वयात. तुम्ही शाळा बदलून बघा. — तिथेही कळलं? हं. कळतं हल्ली.

माझ्याकडेच येत होते, बरोबर आहे. मीच म्हटलं होतं, रविवारी या, घरी असतो निवांत. त्यात काय माझा गुन्हा झाला का? — हो, म्हणाले ना, तसंच म्हणाले ते, "तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी बोलावलंय." वर बोटही दाखवलं. सगळे वर बघायला लागले. डॉक्टरांनी विचारलंसुद्धा, "काका, तुमच्याकडे आलाय का हा?" आता वहिनी, तुम्ही जरा माझ्या जागी उभ्या राहून बघा. टेक चालू होता, रेकॉर्डिंग हो. टेक चालू असताना आम्ही बोलत नाही. खोकला आला तर गिळतो, डास चावला तर चावू देतो — अंगात भिनलेलं असतं ते, बोललं की टेक बाद. आणि कानात इतकं स्वच्छ येत होतं सगळं, एकेक पाऊल, एकेक श्वास, असा आवाज जन्मात एकदा मिळतो. मला वाटलं, एवढा टेक होऊ दे, मग सांगतो. खाली उतरून सांगणार होतो मी. नंतर कुणी विचारलंच नाही, आणि विचारलं नाही तर काय सांगणार, कुणाला सांगणार? डॉक्टर तोंड धूत होते नळावर.

रेकॉर्डिंग? पुसलं ते. — असं बघू नका माझ्याकडे. बरं, आहे. पण ते कंपनीचं आहे, माझं नाही. आणि तुम्हाला वाटतं तसं ते सोपं नाही. त्यात त्यांचं निर्दोष असणं आहे, मान्य, एकदा कुणी नीट ऐकलं तर चोर म्हणायची कुणाची हिंमत होणार नाही. पण त्यात डॉक्टर आहेत, अध्यक्ष आहेत, एकमेकांना नावाने हाका मारतायत. आणि ते काका कोण, हे शोधायला काही हुशार पोलीस लागत नाही. मला तिथेच राहायचंय हो. माझी दाढ अर्धी कोरून ठेवलीय त्या डॉक्टरांनी, बुधवारी परत बोलावलंय. तोंड उघडून त्यांच्याच खुर्चीत पडायचं आहे मला. आणि द्यायचं कुणाला ते रेकॉर्डिंग? ठाण्यात? साहेब तर आमचेच. वर जाल? जा की, मी कोण अडवणार. पिक्चरच्या शेवटी इन्स्पेक्टर बोलतो बघा, कायदा सगळ्यांना सारखा, कुणी हातात घ्यायचा नाही — इतकं सुंदर भाषण आहे, मी स्वतः तिथे एक पाऊलसुद्धा वाजू दिलेलं नाही. पास देतो तुम्हाला. मुलीलाही आणा. — नको, मुलीला नका आणू.

त्यांचा आवाज? नाही, तो पिक्चरमध्ये नाही, तो काढून टाकला. नटाने नंतर येऊन ओरडून दिलं, छान काम केलं पोराने. आम्ही फक्त मार ठेवला. — शेवटी काय म्हणाले? कशाला वहिनी, ते ऐकून काय होणार आहे. — बरं. बरं, सांगतो. म्हणाले, "काका, सांगा ना यांना." ओरडून नाही, आपण दुकानात वाण्याला सांगतो ना, तसं साधं. मग थोड्या वेळाने पुन्हा, "सांगा ना." त्यात काका नव्हतं. आणि मग एक शब्द आहे, तो मला नीट लागत नाही. आवाज वाढवून ऐकला, संथ करून ऐकला, घरी सगळे झोपले की ऐकतो, पण लागत नाही. कुणाचं तरी नाव असावं. मुलीचं नाव काय तुमच्या?

हो. तेच आहे.

उठा आता. उठा वहिनी, पुढचं काम यायची वेळ झाली. जोडे भरा परत, हाही घ्या, मला आज काही नको. जिना डावीकडे आहे. आणि खाली कुणी विचारलं, तर काका काही बोलले नाहीत म्हणून सांगा.