ह्यांचा सातवा सदरा

नाही गं, आज कपडे द्यायला नाही बोलावलं तुला. टोपली उतरव आधी, बस फॅनखाली. ठाकुर्लीच्या पुलावरून डोक्यावर भांडी घेऊन आलीस, पाणी पी. तुझी आई यायची तेव्हा तीपण असंच करायची — आधी पाणी, मग ‘सगुणामावशी, फॅन जरा मोठा करा’, आणि मग एका टोपासाठी जरीच्या चार साड्या मागायची. तू बरी आहेस. तिच्यासारखी नाहीस. म्हणजे, थोडी आहेस.

ह्या बघ गोधड्या. हात लाव की करिश्मा, धुतलेल्या आहेत. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून जिना बंद माझा, मग म्हटलं दिवाणात पडलेलं तरी काढावं बाहेर. चार निघाल्या — चारही अर्धवट. ही मितेशची. तो दहावीला होता तेव्हा थर लावून, टाचून ठेवलेली, आता त्याला टक्कल पडलं. पूर्ण करून दाखवली तर म्हणतो, आई, आमच्याकडे एसी आहे. म्हटलं, मग तर हवीच ना रे. ही दुसरी माझी, तिचं काही नाही, ठेव बाजूला. आणि ही तिसरी ह्यांची. हे दर डिसेंबरला विचारायचे, ‘माझी झाली का गं?’ मी म्हणायची, ठाकुर्लीत कसली आलीय थंडी, दोन दिवसांची — उद्या बसते. असं किती वर्षं म्हणावं? अकरा वर्षं. गेले तेव्हा एक बाजू शिवायची राहिलेली. एकच बाजू. आता झालीय बघ, धावदोरा सरळ आलाय की नाही? कोण पांघरणार ते विचारू नकोस.

चौथं हे दुपटं. निशाच्या बाळाचं — निशा म्हणजे माझी धाकटी, कळव्याला दिलेली. तिचं लग्न झालं त्याच वर्षी हौसेनं बेतलं, आणि मग नऊ वर्षं काही नाहीच. तेव्हा मीच ते तळाशी सरकवलं, ती आली की तिला दिसायला नको म्हणून. आता आठवा लागलाय. हो गं, आठवा. पेढे संपले, नाहीतर दिला असता. तर परवा तिचा फोन — आई, वरचा थर बाबांच्या सदऱ्याचा लाव. तुला माहितीच आहे, तान्ह्या बाळाला नवं कापड घालत नाहीत, घरातल्या मोठ्या माणसाचं वापरून वापरून मऊ झालेलं लागतं. आणि ह्यांचे सदरे म्हणजे नुसती साय. मी म्हटलं, हो, काढून ठेवलेत बाजूला. पटकन म्हटलं, तोंडातून गेलंच.

कुठले बाजूला? गेल्या महिन्यात तुला गाठोडं दिलं त्यात होते. सातही. तू विचारलंस पण, मावशी, चांगले आहेत, नक्की द्यायचे ना? मी म्हटलं घेऊन जा, कपाटात जागा नाही. खोटं. अर्धं कपाट रिकामं आहे, उघडून बघ हवं तर. मला ते हँगरला लटकलेले बघवत नव्हते. कपाट उघडलं की हे आपले समोर उभे, झाली का गं विचारत — असं वाटायचं मला. म्हणून दिले, आणि वर हा एवढा टोप घेतला. अजून स्टिकर आहे बघ त्याच्यावर. तो ने परत. मला एक सदरा दे. फाटका चालेल, नुसती बाही चालेल.

बाजारात गेले? सगळे? सहा — बरं. मग सातवा?

अगं, टोपली कसली आवरतेस, सांग की. बाळाला? तुझ्या? मला सांगितलं पण नाहीस. कितवा महिना त्याला? पाचवा. त्याच्यावर झोपतो? निळ्या रेघांचा असेल, खिशावर शाईचा डाग. तोच. पेन उघडंच ठेवायचे खिशात, किती ओरडायची मी.

नको. उद्या-बिद्या काही आणायचा नाही. झोपलेल्या पोराखालून ओढून आणशील आणि मी घेईन होय? चांगला झोपतो म्हणालीस ना, मग झालं तर. ह्यांना पोरांचं वेड होतं. रडत नाहीये गं, मोतीबिंदू आहे, पाणी येतं.

टोप राहू दे इथंच, निशाच्या डिंकाच्या लाडवांना लागेल. आणि ही घे, ह्यांची. घे म्हणते ना. भांडं नको काही बदल्यात. सदरा तुझ्याकडे आहे, गोधडी पण तिकडेच जाऊ दे, पोराला कुशीत घे आणि पांघर. दुपट्याला माझी ही अंगावरची साडी लावीन, तीही मऊच झालीय. चल, ऊठ आता. निशाला सांगायचंय, सदरे मी देऊन टाकले, बाजूला काढलेत म्हटलं ते खोटं होतं. नाही, उद्या नाही. आत्ताच. दार लोटून घे जाताना — लावलाय फोन तिला, रिंग जातेय.