जुन्या मशीनसाठी एक ओळ

नाही नाही, तुमच्या हातून काही बिघडलं नाही, बाई — तुम्ही बसा, पुस्तकं बदलायला आलेल्यांना थांबू दे जरा — हा पडद्यावर मजकूर आलाय ना, त्यात दोनच आकडे बघायचे, एकसष्ट आणि बावन्न. म्हणजे काय? म्हणजे तुम्ही अक्षरं मोठी करायला सांगितलीत, मी केली, प्रोग्राम माझ्या नव्या लॅपटॉपवर कंपाइल केला, म्हणजे मशीनच्या भाषेत उतरवला, त्यावर नव्या आवृत्तीचा, एकसष्टचा शिक्का बसला — आणि तुमच्या ग्रंथालयाचं हे म्हातारं मशीन बावन्नच्या पुढचं वाचतच नाही. सरळ हात वर करतं. प्रामाणिक आहे बिचारं. गेल्या महिन्यातही हेच झालं होतं? झालं असेल. त्याच्या आधीही? — स्मरणशक्ती दांडगी आहे हो तुमची.

उपाय आहे की, एक ओळ. कंपाइल करतानाच सांगायचं, बाबा रे, जुन्या मशीनला चालेल असं कर. ती ओळ फाइलमध्ये होतीच, पहिल्या दिवसापासून — होती म्हणजे, पुसली गेली असेल. आपोआप कशी पुसली जाईल, तुम्ही पण — हे मनगटाला काय बांधलंय? वहीत लिहून लिहून? तीन दिवस सगळी देवघेव हातानं? मला वाटलं, एखादा दिवस निभावून न्याल.

मी पुसली. तुम्ही विचारलं नाहीत, पण बघताय तशा. बायको मुलीकडे गेली, नात सांभाळायला, दोन महिन्यांसाठी — तिसरं वर्ष चालू आहे. दर रविवारी तिचा फोन, कधी येताय? मी म्हणायचो, येतो गं, पण इथं माझ्यावाचून कामं अडतात. कसली कामं — तुम्ही एकट्याच उरलात, बाकीच्या गिऱ्हाइकांनी केव्हाच दुसरी माणसं धरली. आणि तिच्याशी खोटं बोलायला जीभ रेटत नाही माझी, म्हणून मग तुमचं काम खरोखरच अडवायचो. का जात नाही? लेकीच्या घरी मी काय करू, सोफ्यावर बसून? इथं निदान तुम्ही फोनवर म्हणता, लवकर या हो, सगळं ठप्प झालंय — तेवढं ऐकलं की मी इस्त्रीचा शर्ट काढतो. हसू नका.

या रविवारी तिनं विचारलंच नाही. जेवलात का, गोळी घेतलीत का, आणि ठेवते म्हणाली. बंद फोन कानाला धरून बसलो होतो, बाई. येतो म्हणायचं ठरवलं होतं मी या वेळी — आणि तिनं विचारलंच नाही.

ही बघा, घातली ओळ. पुन्हा कंपाइल — झालं. उघडा आता. दुखऱ्या हातानं नको, डाव्या हातानं. चाललं? एकदा बंद करून पुन्हा उघडा — चाललं. आता हे मशीन बदलेपर्यंत बघायला नको. पुढच्या महिन्यात फोन? कशाला? काही अडणारच नाही — घ्या, बोलवा पुढच्याला, लोक केव्हाचे खोळंबलेत.